एक र की दोन

शाळा सकाळची झाली की मला कळतं, ऊन आलं. कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. पावणेसातला वसाहतीतली पोरं दप्तरं पाठीवर टाकून पळतात, साडेअकराला परत येतात, आणि मग दुपारभर गल्लीतून पाठांतराचा आवाज येत राहतो. कुणी भूमितीचं प्रमेय घोकतं, कुणी हिंदीची कविता. पत्रा तापला की टकटक वाजतो. बिड्या वळणाऱ्या बायका मांडीवरचं सूप घेऊन सावली सरकेल तशा सरकतात. नळाला दुपारी पाणी येतं ते चहाला चालेल इतकं गरम. सोलापूरपासून कुंभारी काही लांब नाही, पण आमच्या कामगार वसाहतीत झाडं कमी, त्यामुळं ऊन जास्त असल्यासारखं वाटतं.

यंदाही परीक्षेचे दिवस आले. मला काही वाटलं नाही. मला गेल्या वर्षापासून कशाचंच काही वाटत नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तसं झालंय. जीभ लावली तर कळतं की इथं हिरडी आहे, पण ती दुसऱ्या कुणाची तरी आहे.

महादेवी मागच्या वर्षी संक्रांतीनंतर गेली. ती माझी बायको. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी. मी कुर्डुवाडीकडचा, चौथी शिकलेला, चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवलेला. लग्न होऊन आली तवा तिला मराठी येत नव्हती. वर्षभरात शिकली. पुढं पुढं तर माझंच बोलणं दुरुस्त करायची, शेजाऱ्यांसमोर. मी तिची कानडी शिकलो नाही. जेवणातले चार शब्द, दोन शिव्या, एवढीच माझी कमाई. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं तिला घरात कानडी बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. ती कधीकधी मांजराशी बोलायची.

दवाखान्यात सात दिवस होती. आठव्या दिवशी सकाळी मी विचारलं, "कशी हायस?" मागाच्या खडखडाटानं माझे कान गेलेले. तिच्या तोंडात दात नव्हते. ती बोलली ते मला 'बरी' असं ऐकू आलं. म्हणलं, बरी आहे तर चहा पिऊन येतो. खाली गेलो. टपरीवर गर्दी होती, थांबलो. वर आलो तवा नर्सबाई पडदा ओढत होती.

एवढंच झालं. लोकांनी विचारलं, शेवटी काय बोलल्या? मी सांगायचो, बरी हाय म्हणाली. लोक म्हणायचे, चांगलं झालं, त्रास झाला नाही. मीही तेच धरून बसलो होतो.

त्यानंतर महिन्याभरानं परीक्षेचे दिवस आले आणि दारात एक पोरगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात दहावीचं गाईड. अंजली तिचं नाव. मागच्या गल्लीतली. घरात तेलगू, म्हणून मला आजोबा न म्हणता 'तात' म्हणते.

"तात, तुमचं घर रिकामं हाय की," ती म्हणाली.

"रिकामं? मी काय मेलोय का?"

"तसं न्हाय ओ. तुमी एका कोपऱ्यात बसताव. तीन कोपरे रिकामेच हायेत. आमच्या घरात आई, मावशी, दोन सूपं आणि तमाखू. पुस्तक उघडलं की शिंका येतात. दहावी हाय माझी."

घरात माणूस मेलेलं असताना असं कुणी बोलत नाही. सगळे दारात आले की आवाज खाली आणायचे, पदर तोंडाला लावायचे. ही पोरगी सरळ कोपरे मोजत होती. मी म्हणलं, बसा. दुसऱ्या दिवशी दुपारी सात जण आले. त्यात मुस्तफा म्हणून एक पोरगा होता, दखनी बोलणारा, अंजलीच्याच वर्गातला. त्यानं आल्याआल्या पंख्याचं बटण दाबलं आणि म्हणाला, "अज्जा, पंखा फिरताच नै." मी म्हणलं, तुझ्यावानीच हाय, ढकलल्याशिवाय हलत न्हाय. पोरं हसली. त्या घरात कुणी हसलं याची मलाच लाज वाटली. नंतर ते वाटणंही गेलं.

मी पुढारी लई बघितले. कारखान्यात संप झाले, मोर्चे झाले, गळ्यात हार घातलेली माणसं टेबलावर उभी राहून 'आपण सगळे एक' म्हणायची आणि खाली उतरली की आपापल्या गल्लीत जायची. अंजली भाषण करत नाही. तिनं शाळेत केलं ते एवढंच. खिचडीला पोरं गल्ली बघून बसायची, तेलगू तेलगूत, दखनी दखनीत, मराठी खांबापाशी. अंजली मोठ्या वर्गातली म्हणून वाढायला उभी असायची. तिनं मोठ्या सरांना विचारून नियम काढला, ज्या क्रमानं हात धुतले त्या क्रमानं बसायचं. नळ एकच आहे. नळाला कुणाची भाषा कळत नाही. आठ दिवस भांडणं झाली, मग पोरं बसायला लागली. आणि अंजली वाढता वाढता बघायची, शेवटी हात कोण धुतंय.

शेवटी रोज एकच पोरगी असायची.

"आठवीत हाय, शिवलीला," एका दुपारी अंजली मला सांगत होती. "दिवाळीनंतर आलीय. आई न्हाय. पाण्याच्या टाकीपलीकडं मामाकडं ऱ्हाती. कुणाशी बोलत न्हाय. परीक्षा झाली की मामा तिला गावाकडं धाडणार हाय, हितं तिला करमत न्हाय म्हणतो. आणि गावात आठवीच्या पुढं शाळा न्हाय, तात."

"मग?"

"मग काय? लग्न करतील की."

तिनं हे इतकं सहज म्हणलं, की मी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. ती प्रमेयाची आकृती काढत होती. एकच रेघ तिनं तीनदा खोडली.

"हम पूछे उसको," मुस्तफा मधेच म्हणाला. "कैसी है बोलके. बरी बोलती. रोज बरी बोलती. बरी है तो छोडो ना."

"कशी म्हणती? करून दाखव," मी म्हणलं. पोरांची गंमत, दुसरं काही नाही.

मुस्तफा भिंतीला टेकून बसला. दोन्ही हातांनी वही ताटासारखी पुढं धरली, हनुवटी वर केली आणि म्हणाला, "बर्री."

मी हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा. "अरे येड्यांनो, बरी न्हाय ते. बर्री. दोन र हायेत त्यात. कानडी हाय. बर्री म्हणजे या. जेवायला या म्हणती ती तुमाला."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला मात्र बोलायचा जोर आला. मी त्यांना माझ्या सासरवाडीची गोष्ट सांगायला लागलो. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो होतो. महादेवी पुढं आत गेली, उंबऱ्यातून वळून म्हणाली, बर्री. मला वाटलं, प्रवासानं दमली असेल, कुणी विचारलं असेल, बरी हाय म्हणती. मी बाहेरच उभा. ती परत म्हणाली, बर्री. मी म्हणलं, हां, बरं झालं. सासरा आतून बघतोय, जावई उन्हात उभा आणि मान डोलावतोय. शेवटी मेव्हण्यानं हाताला धरून ओढत नेला. तिनं तवापासून माझ्याशी तो शब्द कधी वापरला नाही. 'या' शिकली आणि आयुष्यभर 'या' म्हणाली. चेष्टा नको म्हणून सोडूनच दिला…

इथं माझं बोलणं थांबलं.

पोरांना वाटलं, म्हातारा विसरला. अंजलीनं पाणी आणून दिलं. मी पेला हातात धरून बसलो. काही वाटलं नाही. तवा वाटलं नाही म्हणजे नंतर वाटलं असं नाही. फक्त एक प्रश्न आत येऊन बसला, जसा एखादा लांबचा पाहुणा येतो आणि कधी जाणार ते सांगत नाही. दवाखान्यात ती काय म्हणाली? एक र की दोन? बरी हाय म्हणाली, की जवळ या म्हणाली आणि मी चहा प्यायला गेलो?

पोरांचं वेगळंच चाललं होतं. "म्हणजे तीन महिने ती आमाला बोलवू लाली होती," अंजली म्हणाली, "आणि आमी पुढं जाऊ लालो होतो."

"और मैं बोला छोडो," मुस्तफा म्हणाला.

सोलापुरात हे असंच आहे. तेलगूत मानानं 'या' म्हणायचं तर 'रंडी' म्हणतात. आम्ही या वसाहतीत राहायला आलो त्या दिवशी अंजलीची आजी दारात येऊन हसत हसत महादेवीला तेच म्हणाली होती, चहाला बोलवायला. महादेवीला तोवर मराठी पक्की येत होती, त्यामुळं घोटाळा झाला. तिनं केरसुणी उचलली. पुढं दोघी इतक्या जिवाभावाच्या झाल्या की एकीच्या घरची भाकरी दुसरीच्या टोपल्यात. पण पहिला दिवस केरसुणीचाच. गावात चार भाषा, आणि माणसाला आत बोलवायचा शब्दच नेमका माणसाला बाहेर उभा करतो.

दुसऱ्या दिवशीचं मी बघितलं नाही, मुस्तफानं येऊन सांगितलं. अंजली, तो आणि आणखी चौघं मुद्दाम शेवटी हात धुवायला गेले. शिवलीलेच्या दोन्ही बाजूंना बसले. तिनं ताट पुढं करून म्हणलं, बर्री. अंजली म्हणाली, आलो. मग त्या पोरीनं आपली अर्धी खिचडी अंजलीच्या ताटात लोटली आणि बोलायला लागली. कानडीतून, भराभरा, तीन महिन्यांचं साठलेलं. "कुछ नै समझा अज्जा," मुस्तफा म्हणाला. "सब मुंडी हिलाते बैठे."

अंजलीनं मग दुसरा नियम काढला. कुणी बरी हाय म्हणलं, बरा हाय म्हणलं, तरी सोडायचं नाही. दुसऱ्यांदा विचारायचं. तो नियम शाळेपुरता राहिला नाही. पोरं माझ्यावरही तो चालवायला लागली.

"तात, जेवलात?"

"जेवलो."

"तात, जेवलात का?"

"न्हाय."

पहिल्या वेळी मी रोज खोटं बोलायचो. दुसऱ्या वेळी जमायचं नाही. का ते माहीत नाही. मग कुणाच्या तरी घरून भाजी यायची, कुणाकडून दशमी. मी खायचो. चव लागायची नाही, पण खायचो. आणि खाताना मनात हिशोब चालू, मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा विचारलं आणि जिना उतरलो.

शिवलीला माझ्या घरी यायला लागली तवा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. सावळी, हाडकुळी, डोक्याला खोबरेल चोपडलेलं. मला 'अज्जा' म्हणायची. दारात उभी राहिली की मी माझ्याकडचे चार शब्द काढायचो आणि ती ओढणी तोंडाला लावून हसायची. मी सांबाराला काय म्हणलो कुणास ठाऊक, एकदा तर जमिनीवर बसून हसली. तिनं अंजलीच्या जुन्या पुस्तकातून मराठी वाचायला सुरुवात केली. मुस्तफा तिला गणित दखनीतून समजावायचा आणि तिला ते कळायचं. कसं, ते त्या दोघांना ठाऊक. अंजलीची आई एकदा दारात येऊन ओरडून गेली, "दहावी तुझी हाय का तिची?" अंजली म्हणाली, "माझी तर होणारच की आई, तिची मात्र कधीच होणार न्हाय." आई सूप घेऊन निघून गेली. संध्याकाळी तिनंच शिवलीलेसाठी पोळी पाठवली.

शिवलीलेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मामा आला. गवंडीकाम करणारा माणूस, हाताला सिमेंट, बरोबर पोरीच्या कपड्यांची पिशवी. दुपारच्या एस्टीनं तिला घेऊन जायचं म्हणून सरळ माझ्या घरी आला, कारण ती तिथं असते हे आता सगळ्यांना माहीत होतं. पोरं भिंतीला लागून उभी राहिली. शिवलीला पुस्तकात डोकं घालून बसली, पान उलटत नव्हती.

अंजली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तात, बोला की. कानडीत बोला. आमचं ऐकणार न्हाय तो."

महादेवीशी कधी कानडीत बोललो नाही आणि आता या परक्या माणसाशी बोलायचं. मी म्हणलं, "बर्री." दोन्ही र नीट म्हणलं. तो आत आला. म्हणलं, "कूड्री." तो बसला. इथं माझा शब्दांचा डबा संपला. मला म्हणायचं होतं, तुमची पोरगी हुशार आहे, तिला इथंच राहू दे. जुळवाजुळव केली आणि बोललो, "नम्म हुडुगी श्याणी अदाळ. इल्ले इरली."

मामानं मान वर केली. "नम्म?"

तवा माझ्या लक्षात आलं. 'निम्म' म्हणजे तुमची. 'नम्म' म्हणजे आमची. मी आमची पोरगी म्हणून बसलो होतो. दुरुस्त करायला तोंड उघडलं तर अंजलीनं माझ्या पायावर पाय दिला. शिवलीलेकडून ती एवढं कानडी शिकली होती.

"तुमची कशी ओ अज्जा?" मामा मराठीत म्हणाला. "खायाला मी घालतोय की."

"खिचडी हम खाते ना मामू, उसके साथ," मुस्तफा म्हणाला. कुणी हसलं नाही, मामाच हसला. मग हातावरचं सिमेंट खरवडत त्यानं पोरीला कानडीत विचारलं, राहतेस का? मला एवढं समजलं.

ती कानडीत काही बोलली नाही. मराठीत म्हणाली, "नववीची पुस्तकं घेतलीत मी. अंजलीअक्काची."

मामानं पिशवी उचलली आणि टाकीकडच्या वाटेला लागला. एस्टीस्टँड दुसऱ्या बाजूला आहे. पोरं ओरडायला लागली. मला काही वाटलं नाही, पण मी उभा राहिलो होतो. कधी उठलो ते आठवत नाही.

आता अंजली सोलापुरात कॉलेजला जाते. सकाळच्या बसला उभी असते, मला बघून हात करते. शाळेतलं आता शिवलीला बघते. आता नववीत आहे. हात कुणी शेवटी धुतला हे तीच बघते, आणि माझ्या घरातल्या तीन कोपऱ्यांत यंदा नऊ पोरं बसतात. मी चौथ्यात. पाठांतर चालू असतं. मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही, पण तोंडं हलताना दिसतात. मागावर आम्ही असंच ऐकायचो, तोंडाकडं बघून.

परवा बाकीची यायच्या आधी शिवलीला एकटीच आली. ऊन पत्र्यावर वाजत होतं. ती नकाशात नद्या रंगवत बसली. मी वर्षभर कुणाला विचारलं नव्हतं. डॉक्टरला नाही, नातेवाइकांना नाही. त्यांना काय कळणार, त्यांना कानडी येत नाही. ज्यांना येते ते खोटं सांगतील, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. हिला मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं. कशी हायस म्हणलं, ती बोलली, मी चहाला गेलो.

"आता तू सांग," मी म्हणलं. "एक र की दोन? मला ऐकू आलं न्हाय."

तिनं निळी पेन्सिल खाली ठेवली. विचार केला. लहान पोरं विचार करतात तसा नाही, गणित सोडवतात तसा.

"अज्जा, बोलताना आज्जी कुटं बघत होती?"

"माझ्याकडं."

"तोंडाकडं?"

"व्हय. डोळ्यात."

"मग बोलवलं असंल तुमाला."

"कशावरनं?"

"बरी हाय म्हणताना माणूस तोंडाकडं बघत न्हाय," ती म्हणाली. "भिंतीकडं बघतं. सुरवातीला सर विचारायचे, कशी हायस. तवा मी बघायची की भिंतीकडं. आणि बर्री म्हणायची तवा पोरांकडं बघायची."

बाहेर कुणीतरी प्रमेय घोकत चाललं होतं. पत्रा वाजत होता. मला वाटलं होतं की कळलं की काहीतरी होईल, रडू येईल, निदान छातीत दुखेल. तसं झालं नाही. फक्त टपरीवरचा तो चहा आठवला, साखर जास्त होती, आणि मी पेला परत करून आणखी अर्धा मागितला होता.

समोरच्या भिंतीला पोपडे आलेत. महादेवी असताना दर दिवाळीला चुना मारायची. तिकडं बघत मी म्हणलं, "उद्या तुझा भूगोलाचा पेपर हाय. घरी जा, अभ्यास कर. मी बरा हाय."

ती उठली नाही.